डब्याला माणसं कळतात म्हणे

गोष्ट आहे साहेबरावच्या पंचशीलाची. आमच्या कोनाळवाडीत आजवर मी पुष्कळ नवलं पाहिली. दोन तोंडांचं वासरू पाहिलं, विहिरीतून निघालेला धूर पाहिला, एकदा तर एस.टी.च्या टपावर बसून आलेलं लग्नाचं आख्खं वऱ्हाड पाहिलं, नवरदेवासकट. पण पंचशीलाच्या पत्र्याच्या डब्यानं गावाची जी दातखीळ बसवली, तशी कशानंच बसवली नाही. आज आठवलं तरी मला बसल्या जागी हसू फुटतं आणि अंगावर काटाही येतो.

साहेबराव भीमनगरातला. नांदेडला रेल्वेत गँगमन होता. त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात एक शिस्त बसली होती, भाकर उशिरा मिळाली तरी चालेल पण शाळा चुकायची नाही. मी स्वतः चौथी पास. त्यात तिसरीला दोनदा बसलो, कारण आमचे मास्तर वर्षातले निम्मे दिवस घोडीवरून पडलेले असायचे. त्यामुळे शिकलेल्या माणसाचं मला फार कौतुक. साहेबरावनं पोरीला नांदेडला नेलं आणि आय.टी.आय.ला घातलं, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकायला. गावात बातमी आली तेव्हा बायका म्हणाल्या, "शिवणकामाला घातलं असंल, तुमी चुकीचं ऐकलं."

चुकीचं काही ऐकलं नव्हतं. सुट्टीत ती गावी आली तेव्हा माझा लाकडी पेटीचा रेडिओ मुका होऊन वर्ष झालं होतं. ती अंगणात बसली, मागचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि म्हणाली, "अण्णा, तुमच्या रेडिओत पालीनं संसार मांडलाय." खरंच, आत अंडी! तिनं ती कागदावर घेऊन बाजूला ठेवली, एक तार डागली, कान फिरवला, आणि रेडिओ असा ओरडला की माझ्या हातातला तंबाखू खाली सांडला. बातम्या लागल्या होत्या. वर्षभरात जग कुठल्या कुठं गेलं होतं आणि मी बसलो होतो पालीच्या घरापुढं.

पुढं तिनं उदगीरला बस स्टँडजवळ छोटं दुकान टाकलं. बाईमाणूस रेडिओ दुरुस्त करते म्हणून लोक आधी नुसतं बघायला जायचे. मग रेडिओ घेऊन जायला लागले.

त्याच सुमाराला आमचा जिल्हा बदलला. आम्ही जागचे हललो नाही, जिल्हाच हलला. काल उस्मानाबाद जिल्ह्यात निजलो आणि आज लातूर जिल्ह्यात उठलो. तलाठी चावडीत सांगायला आला की आता तुमचा जिल्हा नवा. तर केवळाबाई, आमच्या गावची सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई, पदर खोचून उभी राहिली.

"नवा जिल्हा आला म्हन्तो. मंग संगं पाणी आणलं का?"

तलाठ्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. 

पाणी काही आलं नाही. उलट जे होतं तेही गेलं. जिल्ह्याच्या पाट्या नव्या-नव्याच होत्या आणि पाऊस रुसला तो रुसलाच. हातपंप दांडा हलवला की नुसती हवा ओकायचे. शेवटी गावात एकच बोअर राहिला. तो हळूहळू पाझरायचा आणि त्याचं पाणी जमिनीतल्या हौदात साठायचं. हौदावर अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, मोटरला एक पाईप, पाईपाखाली घागर. आणि मोटरच्या बटणावर मी. किशनराव सरपंच म्हणाले होते, "बसवंतअण्णा, तुमच्यावर गावाचा भरवसा हाय, तुमीच बसा."

भरवसा कसला, शिव्या खायची नोकरी होती ती! प्रत्येक बाईला एक घागर, मग पुढची. घागरी सगळ्यांच्या उदगीरच्या बाजारातल्या, मापाला उन्नीस-बीस. पण माझा हात एका पळानं मागं-पुढं झाला की भांडण. "अण्णा, तिच्या टायमाला गप्पा मारत बसलात आन् माझ्या टायमाला बटण दाबायची घाई!" "अण्णा, ती तुमच्या साडूच्या गावची, म्हून का?" एकीनं तर माझ्या सात पिढ्या काढल्या. त्यातल्या चार मलाही मालूम नव्हत्या.

वीज दोन पाळ्यांत यायची, सकाळी थोडा वेळ आणि मग ऐन दुपारी. सकाळची पाळी गावची, दुपारची भीमनगरची. हे कुणी ठरवलं असं विचारलं तर कुणालाच सांगता आलं नसतं. चालत आलं होतं, चालू होतं.

पंचशीला एका रविवारी आईला, सरजाबाईला, भेटायला आली आणि माझी दशा पाहून हसत सुटली. म्हणाली, "अण्णा, तुमच्याऐवजी तिथं एक डबा बसवला तर?"

"बसव माय, बसव. डब्याला सात पिढ्या तरी नसत्यात."

किशनरावांनी मान डोलावली. फाल्गुनात ती डबा घेऊन आली. साधा पत्र्याचा डबा, वर लाल बटण. तिनं झाकण उघडून मला दाखवलं. आत बोटाच्या पेराएवढा काळा किडा बसला होता, आठ पायांचा.

"ह्याचं नाव काय?"

"पाचशे पंचावन्न."

"हे नाव हाय का मतदार यादीतला नंबर?"

"टायमरची चिप आहे अण्णा. बटण एकदा दाबायचं, मोटर सुरू. घागरीपुरता वेळ झाला की आपसूक बंद. एकदा दाबलं की एकदाच काम. वन-शॉट म्हणतात ह्याला."

"मंग घड्याळ कुठं हाय आत?"

"घड्याळ नाही. आत एक घागर आहे." तिनं एका छोट्या निळ्या डबीवर बोट ठेवलं. "हा कंडेन्सर. ह्याच्यात वीज भरते, जसं घागरीत पाणी. हा रेझिस्टन्स म्हणजे बारीक तोटी. तोटी बारीक केली की भरायला वेळ लागतो. तीन हिश्श्यांतले दोन हिस्से भरले की हा किडा मोटर बंद करतो आणि घागर उपडी करून ठेवतो. पुढचं बटण दाबेपर्यंत गप्प."

मी थक्कच झालो. बाहेरची घागर भरतेय तोवर आत दुसरी, न दिसणारी घागर भरतेय, आणि तिच्यावरून हिचं माप! आमच्या मास्तरांनी घोडीवरून पडायच्या आधी असलं काही सांगितलं असतं तर मी चौथीच्या पुढं गेलो असतो.

तिनं डबा मोटरघराच्या भिंतीला, बाहेरच्या बाजूनं ठोकला, म्हणजे बाईला स्वतःच्या हातानं बटण दाबता यावं. सकाळची वेळ होती. केवळाबाईची घागर लावून, बारीक पेचकसानं एक स्क्रू फिरवत-फिरवत वेळ बसवला. मग म्हणाली, "दाबा केवळामाय."

केवळाबाईनं इंगळीला हात लावावा तसं बटण दाबलं आणि बोट मागं घेतलं. मोटर घुर्रर्र झाली. पाणी आलं. सगळं गाव श्वास धरून. घागर भरत गेली, भरत गेली, गळ्याला आली आणि खट्! मोटर बंद. एक थेंब खाली नाही.

 केवळाबाईनं आधी घागरीत पाहिलं, मग डब्याकडं, मग माझ्याकडं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. "अगं बया!" म्हणाली आणि तिनं डब्याला हात जोडले.

दोन-चार दिवस झाले नाहीत तोच पहिला झटका. एका सुनेनं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. मोटर थांबेना! घागर भरून पाणी चिखलात, तरी चालूच. मी ओरडलो, तिनं घाबरून बोट काढलं, तेव्हा कुठं खट् झालं. पंचशीलाला निरोप गेला. ती आली, आणि आधी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "बटण दाबून धरलं की चिपला वाटतं अजून सुरूच कर म्हणतायत. पुस्तकात लिहिलेलं असतं हे, पण नांदेडला आम्ही बटण दाबून लगेच सोडायचो. कोनाळवाडीची बोटं आमच्या पुस्तकाला मालूम नव्हती." तिनं बटणाजवळ एक बारका कंडेन्सर डागला. मग बोट काय, बटणावर वरवंटा ठेवला तरी डबा एकदाच मोजायचा. वरवंटा ठेवूनही पाहिला लोकांनी.

गावाचा डब्यावर भरवसा बसला. भांडणं थांबली. मी नुसता बसायचा म्हणून तिथं बसायचो. पंचशीलाची कीर्ती देवणीपर्यंत गेली. बाजारात लोक विचारायचे, मोटरवाली बाई तुमच्याच गावची ना?

आणि मग वैशाख आला.

केवळाबाईची शेळी सुटली होती. तिला हुडकत ती ऐन दुपारी हौदाकडं आली. त्या वेळेला गावातलं कुणी तिकडं फिरकत नसे. भीमनगरच्या बायका रांगेत होत्या. मी निंबाखाली डुलक्या काढत होतो. केवळाबाईच्या किंकाळीनं मी इतका दचकलो की पटका सुटला.

"बघा! बघा हे!"

मी पाहिलं. सरजाबाईची घागर गळ्यापर्यंत भरली, काठापर्यंत भरली, वरून वाहायला लागली, शेजारच्या पोरीनं पटकन तांब्या लावला, तो भरला, आणि तेव्हा कुठं खट् झालं.

"केव्हापासून चाललंय हे?" केवळाबाई ओरडली.

सरजाबाई शांतपणे म्हणाली, "दुपारी असंच येतंय, ऊन वाढल्यापासून. आमाला वाटलं तुमाला बी येत असंल."

संध्याकाळ व्हायच्या आत गावभर झालं. साहेबरावच्या पोरीनं डब्यात आपल्या माणसांची वळख भरून ठेवली! डबा बोट बघतो, बोटावरून माणूस वळखतो, आणि मग ठरवतो घागर किती भरायची! मला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. पत्र्याचा डबा, ज्याला डोळे नाहीत, कान नाहीत, त्याला जात कळते, हे आमच्या आख्ख्या गावाला एका दुपारीत पटलं! मी म्हणालो, "अरे, आमचे तलाठी तीन वर्षं हितं हायेत, त्यांना अजून कोण कुणाचा ते कळत न्हाई, तर डब्याला कसं कळंल?" तर मलाच म्हणाले, "तुमी निंबाखाली निजा."

दुसऱ्या दिवशी उदगीरहून पंचशीलाला बोलावलं. दुपारी हौदावर सगळं गाव जमलं. भीमनगरच्या बायका घागरी घेऊन एका बाजूला उभ्या. किशनराव आवाज चढवून म्हणाले, "पोरी, आमी तुझ्यावर भरवसा ठेवला आन् तू हे केलंस?"

"काय केलं, काका?"

"डबा तुझ्या लोकाला ज्यादा पाणी देऊन राहिला. आता हे खरं असंल तर डबा निघंल, दुपारची पाळी बंद होईल, आन् तुझ्या दुकानात ह्या पंचक्रोशीतला एक रेडिओ येणार न्हाई, हे मी बघतो."

पंचशीलाचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. दुकान तिनं एकटीनं उभं केलं होतं. आणि दुपारच्या पाळीवर भीमनगरातल्या साऱ्या चुली. पण तिच्या तोंडावर भीती नव्हती, ती चक्रावली होती. तिनं डबा उघडला, आत पाहिलं, सगळ्या तारा हलवून पाहिल्या. मीटर लावला. "व्होल्टेजचा प्रश्न नाही, ही चिप व्होल्टेजला जुमानत नाही," ती स्वतःशीच बोलली. मग किशनरावांकडं वळली आणि खरं तेच म्हणाली, "काका, मला नाही कळत असं का होतंय."

"बघा! कबूल हाय!" कुणीतरी ओरडलं.

आता माझी जीभ मला आवरत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, "डबा बोट वळखतो म्हणता ना? मंग केवळाबाईचं बोट लावा. ती तर भीमनगरची न्हाई. तिला गळ्यापर्यंत देऊन थांबला तर पंचशीला बेइमान."

केवळाबाई मागं सरकली. "आता? दुपारच्या पाळीत? ह्यांच्या रांगेत?"

"घागर माझी घ्या," सरजाबाई म्हणाली.

"माझीच आणते," केवळाबाई फणकारली आणि घरी जाऊन घागर घेऊन आली.

तिनं घागर ठेवली. पदर सावरला. बटण दाबलं. घुर्रर्र. पाणी गळ्याला आलं. सगळ्यांचे डोळे फाटलेले. पाणी काठाला आलं. वर आलं. घागरीवरून खळाळत केवळाबाईच्या पायांवर, लुगड्याच्या काठावर, मग चिखलात. तेव्हा खट्.



केवळाबाई पायाकडं पाहत म्हणाली, "अगं बया. ह्यानं मला बी त्यांच्यातलीच धरलं!"

आणि तेव्हा मात्र भीमनगरच्या बायका हसल्या. एक हसली, मग सगळ्या. केवळाबाईच्या शेजारची सून हसली. किशनरावांच्या मिशा हलल्या, पण त्यांनी आवरल्या.

पंचशीला हसली नाही. बटण दाबताना केवळाबाईनं डब्याला टेकलेला हात झटकन काढून फुंकला होता, ते तिनं पाहिलं होतं. ती पुढं झाली, डब्यावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखी मागं आली.

"अण्णा, एक पोतं भिजवून आणा."

मी पोतं आणलं. तिनं ते डब्याभोवती गुंडाळलं. एकदा वाळलं, पुन्हा भिजवलं. लोक उन्हात चुळबुळत उभे राहिले, पण कुणी घरी गेलं नाही. मग ती म्हणाली, "केवळामाय, पुन्हा दाबा."

खट्! बरोबर गळ्याशी.

"कंडेन्सर," पंचशीला म्हणाली. "स्वस्तातला घेतला मी. उन्हानं तापला की तो गळतो. अण्णा, मी तुम्हाला घागर म्हणाले होते ना? ऊन लागलं की त्या घागरीला बारीक भोक पडतं. एकीकडून भरते, दुसरीकडून झिरपते. म्हणून भरायला उशीर. म्हणून मोटर जास्त चालते. सकाळी थंडाव्यात माप लावलं मी. दुपारी येऊन पाहिलंच नाही."

एवढा वेळ गाव ज्याला जात समजत होतं ते ऊन होतं. मी खाली बसलो. 

तुम्हाला वाटेल, आता गावानं माफी मागितली असेल. आमच्या गावाला तुम्ही ओळखत नाही! मागून एक आवाज आला, "म्हंजे दुपारी पाणी ज्यादा मिळतंय तर. मंग दुपारची पाळी आमाला द्या!" आणि लगेच दुसरा, तिसरा. कालपर्यंत दुपारी अंगणात पाय न टाकणारी माणसं दुपारसाठी हात वर करायला लागली.

सरजाबाई म्हणाली, "घ्या की. इतकी वर्षं ऊन आमीच घेतलं, आता तुमी घ्या."

"थांबा," पंचशीला म्हणाली. "मी नांदेडहून चांगला कंडेन्सर आणणार. डबा सावलीत लावणार. दुपारी एक थेंब जास्त मिळणार नाही. आता सांगा, दुपारी कोण येणार?"

वर झालेले हात एकेक करून खाली आले. मी असलं नवल पुन्हा पाहिलं नाही. जणू डब्यानंच खट् केलं.

"आठवड्याला पाळी बदला," ती म्हणाली. "एक आठवडा सकाळ गावाला, एक आठवडा भीमनगरला. तरच डबा लावते."

किशनरावांचे डोळे मोठे झाले. "गावाला अट घालून राहिली का तू?"

"नाही काका. तुम्ही मला बेइमान म्हणालात, सगळ्यांपुढं. बेइमान माणसाचा डबा ठेवता कशाला?" तिनं पेचकस काढला आणि भिंतीवरचा पहिला स्क्रू ढिला केला. "अण्णा बसतील पुन्हा बटणावर."

"मी बसणार न्हाई!" मी किंचाळलो. खरं सांगतो, आयुष्यात इतक्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. "मला शिव्या खायला पिढ्या उरल्या न्हाईत!"

 बायकांत कुजबुज झाली. पुन्हा ती भांडणं, पुन्हा ते एकमेकींचे उद्धार कुणालाच नको होते. तिनं दुसरा स्क्रू काढला. सगळे केवळाबाईकडं बघायला लागले, कारण आळ तिनंच घेतला होता. ती ओल्या लुगड्यात उभी, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"राहू दे डबा," शेवटी ती म्हणाली. "मीच बोलले ते. पोरगी बेइमान न्हाई. मी येते दुपारी."

"केवळाबाई..." किशनरावांनी सुरुवात केली.

"तुमी गप बसा. तुमच्या घरचं पाणी तुमी भरता का तुमची बायको?"

 सरपंचाला गावात कुणी गप्प बसवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पंचशीलानं नवा कंडेन्सर आणून डबा मोटरघराच्या आत, सावलीत लावला. बटण तेवढं तारेनं बाहेर आणलं. पुढच्या सोमवारी सकाळी भीमनगरच्या बायका थंडाव्यात आल्या, पाणी भरून गेल्या. सूर्य नुकता वर आला होता. त्यांतल्या एक-दोघींना इतक्या सकाळी हौद कसा दिसतो तेही माहीत नव्हतं. इकडं-तिकडं बघत उभ्या राहिल्या होत्या.

दुपारी केवळाबाई आली. तिच्यामागं गावच्या बाकी बायका, तोंडं वाकडी करून. सरजाबाई निंबाच्या सावलीत बसली होती. तिला काही काम नव्हतं, बघायलाच आली होती.

केवळाबाईनं बटण दाबलं. गळ्याशी पाणी आलं आणि खट्. तिनं वाकून घागरीत पाहिलं, डबा आत होता तिकडं पाहिलं, आणि घागर काखेत मारून निघाली. दहा पावलांवर थांबली. जमीन तव्यासारखी होती. ती पाय उचलायची, टेकवायची, पुन्हा उचलायची.

"सरजे, अगं, इतकं भाजतंय?"

"हाव," सरजाबाई म्हणाली. "उद्या वहाणा घालून ये."